दुसऱ्याची तूर: शेतकरी कंपनीच्या पोर्टलवर गूगल लॉगिन बसवताना

"भाऊ, माह्या मोबाईलात दुसऱ्याचीच तूर दिसून रायली जी."

जानेवारीचा शेवटचा आठवडा होता. राळेगाव तालुक्यातल्या एका खरेदी केंद्रावरून ऑपरेटर ताईंनी मला फोन लावला आणि तो सरळ एका काकांच्या हातात दिला. काकांनी दोन दिवसांपूर्वी सहा क्विंटल तूर काट्यावर घातली होती. पोर्टलवर त्यांना साडेअकरा क्विंटल दिसत होती, आणि वर नाव होतं शेजारच्या गावातल्या दुसऱ्याच सभासदाचं. बँक खात्याचे शेवटचे चार आकडेही त्याचेच. गूगल लॉगिन सुरू होऊन आठ दिवस झाले होते आणि ते बसवलं होतं मीच.

काका रागावले नव्हते. त्यांना उलट गंमत वाटत होती. मला मात्र घाम फुटला.

ही शेतकरी उत्पादक कंपनी तशी लहान. साडेसहाशेच्या आसपास सभासद, एक गोदाम, एक इलेक्ट्रॉनिक काटा, आणि गोदामाच्या कोपऱ्यात प्लायवूडची भिंत घालून केलेलं ऑफिस. तूर, हरभरा, सोयाबीन इथं येतं. कापूस जिनिंगवर नाहीतर सीसीआयच्या (कापूस महामंडळाच्या) केंद्रावर जातो. पोर्टलचं काम एवढंच की माल किती आला, ओलावा किती लागला, भाव काय धरला आणि चुकारा कधी खात्यात पडला हे सभासदाला घरी बसून दिसावं. नुसतं चुकाऱ्याचं विचारायला माणसं गाडी काढून यायची. ती खेप वाचावी म्हणून संचालक मंडळानं ते करून घेतलं होतं.

लॉगिनला सभासद क्रमांक आणि पासवर्ड लागायचा. पासवर्ड कोणालाच आठवत नसे. "पासवर्ड कोनाले याद रायते बापा?" हे तिथलं रोजचं वाक्य. त्यावर ताईंनी स्वतःचा उपाय काढला होता: लाल पुठ्ठ्याची लांब वही, तिच्यात सभासद क्रमांक आणि पुढे पेनानं लिहिलेला पासवर्ड. वही काट्याशेजारी पावती पुस्तकांवर पडलेली असायची. ताई जेवायला गेल्या तर हमालही तिच्यात बघून सांगायचे. डेटाबेसात पासवर्ड हॅश करून, म्हणजे कोणालाच वाचता येऊ नये अशा रूपात, ठेवायची मी घेतलेली सगळी काळजी त्या वहीनं निकालात काढली होती. मी ताईंना दोष देत नाही. दिवसाला चाळीस माणसं एकच प्रश्न विचारत असतील तर कोणीही वही घालेल.

ओटीपीचा विचार आधी झाला. पण आपल्याकडे असे एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे डीएलटीवर, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर, संस्था, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा साचा या तिन्हींची नोंदणी करावी लागते. ती नसेल तर मेसेज पुढे सरकतच नाही. सचिवांनी कागद गोळा करायला सुरुवात केली आणि त्यातच लक्षात आलं की सभासद अर्जावरचे कितीतरी नंबर आता लागतच नाहीत. रिचार्ज संपला, नंबर गेला, नवीन सिम आलं, कंपनीला सांगायचं राहून गेलं. मग एका तरुण संचालकानं विचारलं, "फोन घेतला की गूगल खातं तर असतेच न सर, त्यानंच आत घेता नाही येत का?" मला ते पटलं. आजही कल्पना वाईट होती असं मी म्हणणार नाही.

गूगलनं साइन इन म्हणजे आतून काय होतं ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची चूक त्यातच दडलेली आहे. खाली ओऑथ २.० आहे, ते २०१२ साली आरएफसी ६७४९ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजातून आलं. त्याचं मूळ काम परवानगी देणं: अमक्या ॲपला माझी अमुक माहिती बघू द्या. माणसाची ओळख पटवण्यासाठी त्यावर २०१४ मध्ये ओपनआयडी कनेक्टचा थर चढला. आपलं पोर्टल माणसाला गूगलच्या पानावर पाठवतं, तिथं तो खातं निवडतो, गूगल त्याला एका कोडसह आपल्या परतीच्या पत्त्यावर सोडतं. आपला सर्व्हर तो कोड गूगलला देतो आणि बदल्यात आयडी टोकन घेतो.

हे टोकन म्हणजे ग्रामपंचायतीचा दाखलाच समजा. सही खरी आहे का, कोणी दिला, कोणत्या कचेरीसाठी दिला, मुदत संपली का आणि कोणाबद्दल आहे, एवढं पाहायचं. दुसऱ्या कचेरीसाठी काढलेला दाखला आपण घेत नाही, तसंच दुसऱ्या ॲपसाठी दिलेलं टोकन घ्यायचं नाही. यातलं बहुतेक काम लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला तयार कोड, करते. आमचं पोर्टल जँगो या वेबसाइट बनवायच्या साच्यात आहे, त्यामुळे त्याच्यासाठीची ऑलऑथ ही लॉगिनची लायब्ररी लावली आणि दोन दिवसांत माझ्या लॅपटॉपवर बटण चालायला लागलं.

केंद्रावर नेल्यावर ते तीन ठिकाणी अडलं. या अडचणी तशा साध्याच, पण खेड्यात त्या जास्त वेळा आडव्या येतात.

पहिली म्हणजे कंपनीचं अँड्रॉइड ॲप. आधीच्या एका कंत्राटदारानं ते बनवलं होतं आणि त्यात वेबव्ह्यूच्या, म्हणजे ॲपच्या पोटातल्या ब्राउझरच्या, चौकटीत आमचीच वेबसाइट उघडायची, बाकी काही नव्हतं. बटण दाबलं की गूगल ४०३ दाखवून 'डिसअलाउड यूजरएजंट' म्हणायचं. गूगलनं वेबव्ह्यूतून साइन इन बंद करण्याचं २०१६ मध्ये जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी ते लागू केलं. कारण रास्त आहे: वेबव्ह्यू ज्या ॲपचा, ते ॲप आत टाइप होणारा पासवर्ड वाचू शकतं. यूजर एजंट, म्हणजे ब्राउझर स्वतःची सांगतो ती ओळख, बदलून गूगलला चकवायच्या युक्त्या लोक सांगतात. त्या नादी लागू नये. आम्ही ॲपच काढून टाकलं आणि क्रोममधून होम स्क्रीनवर आयकॉन ठेवायला शिकवलं. कोणाचीही तक्रार आली नाही.

दुसरी अडचण कुकीची. "सुरक्षा वाढवा" असा कोणाचा तरी सल्ला ऐकून मी सेशन कुकीचं (माणूस कोण ते लक्षात ठेवणारी ब्राउझरातली खूण) सेमसाइट 'स्ट्रिक्ट' करून ठेवलं होतं. माणूस गूगलच्या पानावरून परत येतो ती उडी दुसऱ्या साइटवरून आलेली असते, त्यामुळे स्ट्रिक्ट कुकी सोबत येत नाही. जाताना आपण 'स्टेट' म्हणून जो आकडा सेशनमध्ये ठेवलेला असतो तो परतल्यावर सापडत नाही आणि लॉगिन फेटाळलं जातं. ही स्टेटची तपासणी बंद करायचा मोह होतो. ती बंद केली तर दुसरा कोणीही स्वतःच्या खात्याचा कोड आपल्या माणसाच्या ब्राउझरात घुसवू शकतो. मी कुकी 'लॅक्स' केली, म्हणजे अशा उडीत ती सोबत येते, आणि तपासणी तशीच ठेवली.

तिसरी शुद्ध गावची. गोदामाच्या आत नेटवर्कची एकच कांडी. माणूस खातं निवडतो, पान गोल गोल फिरत राहतं, तो रिफ्रेश दाबतो. मग 'इनव्हॅलिड ग्रँट'. गूगलनं दिलेला कोड एकदाच चालतो. पहिल्या खेपेला आमच्या सर्व्हरनं तो वापरलेला असायचा, फक्त उत्तर फोनपर्यंत पोचलेलं नसायचं. त्या पत्त्यावर दुसऱ्यांदा आलेला माणूस आधीच आत असेल तर त्याला सरळ मुखपृष्ठावर पाठवायचं, नसेल तर लाल इंग्रजी चुकीऐवजी "नेटवर्क अडलं होतं, बटण पुन्हा दाबा" असं मोठ्या अक्षरात मराठीत दाखवायचं, एवढं केलं. या दहा ओळींनी जेवढे फोन वाचवले तेवढे बाकी कशानंच नाही.

केंद्रावर बसून चाचणी घेताना आणखी एक गोष्ट नडली. लॅपटॉपच्या हॉटस्पॉटवर फोन जोडला आणि १९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता परतीचा पत्ता म्हणून भरायला गेलो, तर गूगल तो घेईना. लोकलहोस्ट (यंत्राचा स्वतःसाठीचा पत्ता) चालतं, उघडा आयपी पत्ता चालत नाही. शेवटी चाचणीसाठी वेगळं सबडोमेन काढलं.

आता त्या तुरीकडे येतो.

जुने सभासद आधीपासून डेटाबेसात होते. गूगलकडून आलेला माणूस त्यांच्यातला नेमका कोण, हे ठरवायचं होतं. ऑलऑथमध्ये लॉगिन पूर्ण होण्याआधी आपला कोड चालवायची जागा असते. तिथं मी तेच लिहिलं जे बहुतेक जण लिहितात: गूगलनं दिलेला ईमेल घे, आपल्या यादीत शोध, सापडला तर हे खातं त्या सभासदाला जोड. मनाशी म्हटलं, गूगल ईमेल तपासून देतं, टोकनमध्ये 'ईमेल व्हेरिफाइड' खरं असं लिहिलेलं असतं, मग भीती कसली.

गूगलनं त्याच्या बाजूचा ईमेल तपासला होता. आमच्या यादीतला कोणी तपासला होता?

सभासद नोंदणीच्या वेळी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ईमेल भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नव्हता. शेतकऱ्यांकडे ईमेल नव्हता. फॉर्म भरून देणाऱ्या ऑनलाइन सेंटरवाल्यानं जे सोपं ते केलं: स्वतःचा जीमेल टाकला. नंतर मोजले तेव्हा तोच एक पत्ता ४१ सभासदांपुढे होता. एवढ्यावर भागलं असतं तर काही बिघडलं नसतं, कारण शेतकऱ्याच्या फोनमध्ये तो जीमेल असायचं कारण नाही. पण तोच सेंटरवाला मोबाईलही विकतो. नवा फोन घेतला की प्ले स्टोअर चालू व्हायला खातं लागतं, गिऱ्हाइकाकडे ते नसतं, मग तो आपलंच घालून देतो. "ईमेल कायले पायजे जी आमाले? दुकानवाल्यानंच टाकून देला," असं काका मला म्हणाले ते शब्दशः खरं होतं. अशा फोनची पुढची पीडा वेगळीच असते: तो रिसेट झाला की जुन्याच खात्याचा पासवर्ड मागतो, आणि माणूस पुन्हा त्याच दुकानात जातो.

म्हणजे काकांनी बटण दाबलं, फोनमधलं एकमेव खातं निवडलं, गूगलनं प्रामाणिकपणे सेंटरवाल्याचा ईमेल दिला, आणि माझ्या कोडनं त्या ४१ पैकी सगळ्यात लहान क्रमांकाचा सभासद उचलला. साडेअकरा क्विंटल त्याची.

यातली खरी लाज सांगतो. पहिल्यांदा मी जँगोचं 'गेट' वापरलं होतं, ते एकच नोंद मागतं. चाचणीत एकदा चूक आली: एकापेक्षा जास्त नोंदी सापडल्या. तिथंच सगळं कळायला हवं होतं. एका ईमेलला दोन माणसं कशी, हे विचारायचं सोडून मी 'गेट' खोडलं, त्या जागी 'फर्स्ट' लिहिलं आणि चहा प्यायला गेलो.

फोन आला त्याच दिवशी संध्याकाळी बटण काढलं, आठ दिवसांत झालेले सगळे जोड पुसले, आणि कोणत्या खात्यातून कोणाचं पान उघडलं गेलं ते लॉगमधून काढलं. ज्यांचं पान दुसऱ्यानं पाहिलं त्यांना सचिवांनी स्वतः फोन करून सांगितलं. हे मंडळाच्या बैठकीत दडवावं असं एकाचं म्हणणं होतं. अध्यक्षांनी ते मोडून काढलं. गावात तर तोपर्यंत सगळ्यांना माहीतच झालं होतं.

दुरुस्तीचं पुस्तकी उत्तर मला ठाऊक होतं. ईमेल हा ओळखीचा दुवा धरू नका, 'सब' धरा. टोकनमध्ये सब नावाची एक खूण असते, २५५ अक्षरांपर्यंतची. ती त्या गूगल खात्याची कायमची, ईमेल बदलला तरी तीच राहते. गूगलची कागदपत्रंही हेच सांगतात. जीमेलच्या ठिपक्यांचा घोळही त्यानं सुटतो: जीमेल पत्त्यातले ठिपके जमेत धरत नाही, पण आमच्या यादीत कोणी ठिपका देऊन लिहिलेलं, कोणी न देता, आणि अक्षर जुळवताना ते दोन वेगळे पत्ते ठरायचे.

पण त्या ४१ जणांचं सबनं काय साधणार? सेंटरवाल्याचं खातं जितक्या फोनमध्ये आहे तितक्या फोनमधून एकच सब येणार. गूगलच्या लेखी ती सगळी माणसं मिळून एकच माणूस. सब सांगतो की हे अमकं खातं आहे. हा अमका शेतकरी आहे असं तो कधीच सांगत नाही, आणि तसं वचनही गूगलनं दिलेलं नाही. खातं आणि सभासद यांची गाठ आपल्यालाच मारावी लागते, आणि ती मारायला दोघांना ओळखणारं कोणीतरी लागतं. आमच्याकडे ते कोणीतरी काट्याशेजारी बसलेलं होतं.

काटापट्टीवर, म्हणजे वजनाच्या पावतीवर, एक कोड छापावा आणि तो पोर्टलवर टाकला की खातं जोडलं जावं, असं मी आधी सुचवलं. ताईंनी ऐकून घेतलं आणि टेबलाखालची टोपली दाखवली. दुपारपर्यंत तिच्यात टाकून दिलेल्या पट्ट्याच पट्ट्या. काही ट्रॅक्टरच्या सीटवर राहतात, एकीत तर कोणी खर्रा बांधून नेला होता. कोड कागदावर असेल तर ज्याच्या हाती कागद त्याचं खातं.

म्हणून दिशा उलटी केली. सभासदानं आधी गूगलनं आत यायचं. जोड नसेल तर पान म्हणतं, "हे खातं अजून कोणाशी जोडलेलं नाही," आणि खाली सहा आकडे दाखवतं, दहा मिनिटं चालणारे. ते आकडे त्यानं खिडकीवर सांगायचे. ताई माणूस पाहतात, सभासद पुस्तिका पाहतात, आणि आकडे त्याच्या क्रमांकापुढे भरतात. त्यांच्या पडद्यावर त्या गूगल खात्याचा ईमेल दिसतो आणि ते आधी कोणाकोणाशी जोडलेलं आहे तेही. घराबाहेरच्या सभासदाशी आधीच जोड असेल तर लाल पट्टी येते आणि ताई थांबतात. पहिल्याच आठवड्यात सेंटरवाल्याच्या खात्यासह अशी तीन दुकानांची खाती सापडली.

डेटाबेसात जोडाचं वेगळं टेबल आहे: कोणत्या सेवेचं खातं, सब, सभासद, नातं, कोणी जोडलं, कधी. नात्याचा रकाना मी सुरुवातीला घेतला नव्हता. पण अर्ध्या घरांत फोन पोराकडे आणि सातबारा बापाच्या नावे. एकच पोरगा बापाचा, काकाचा आणि आजीचा हिशोब पाहतो, म्हणून एका खात्याला घरातले अनेक सभासद आणि एका सभासदाला अनेक खाती असू शकतात. आत आल्यावर "कोणाचा हिशोब पाहायचा?" असं विचारतं. दुसऱ्यासाठी जोडायचं तर त्या सभासदाची सही नाहीतर अंगठा कागदावर लागतो. आणि या वाटेनं आलेल्या कोणालाही बँक खातं बदलता येत नाही. त्याला पासबुक घेऊन ऑफिसातच यावं लागतं. मंडळातल्या तरुणांना हे मागासलेलं वाटतं. वाटो.

जोड तोडायची सोय आम्ही घाईत विसरलो होतो. ती आठवली एका घरच्या वाटणीनं. दोन भावांची चूल वेगळी झाली, आणि धाकट्याच्या लक्षात आलं की थोरल्याचा पोरगा अजून आपला चुकारा बघतो. आता सभासदाच्या पानावर "हे कोण कोण पाहू शकतं" ही यादी सगळ्यात वर आहे आणि प्रत्येक नावापुढे 'काढा'.

ज्यांच्या फोनमध्ये दुकानाचं खातं, त्यांना नवं खातं काढून द्यायचं काम ताईंनी हंगाम सरता सरता हाती घेतलं. काहींच्या नंबरावर आधीच इतकी खाती निघालेली की गूगल तो नंबर घेईना. त्यांना अजून पट्टी छापूनच देतात. तुरीवाल्या काकांचं मात्र जमलं. मी तेव्हा तिथंच होतो. नाव टाकलं, जन्मतारीख टाकली, नंबरावर आलेला आकडा टाकला. मग गूगलनं पासवर्ड मागितला. काकांनी बराच विचार करून एक सांगितला, ताईंनी तो दोनदा भरला, खातं निघालं.

"लिहून ठेव ना पोरी तुह्या त्या वहीत," काका म्हणाले.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. लाल वही काट्याशेजारीच होती. काकांना कोणी काही बोलेना, तेव्हा त्यांनीच माझ्या खिशातला पेन मागितला, पासबुक उघडलं आणि शेवटच्या पानावर, युरियाच्या हिशोबाखाली, सावकाश लिहून घेतलं.